फेरीवाला वेगळा, ठग वेगळा

परदेशी निघालेल्या माणसाला रस्त्यावरच्या विक्रेत्यांबद्दल जो सल्ला मिळतो, तो सगळीकडे एकच असतो. नजर मिळवू नका. उत्तर देऊ नका. कुणी हाक मारली तर ऐकूच आलं नाही असं दाखवून चालत राहा. प्रवासाच्या पुस्तिकांत हेच लिहिलेलं असतं, सहल कंपन्या निघण्याआधीच्या बैठकीत हेच बजावतात, आणि एकदा जाऊन आलेली माणसं तर हे शपथेवर सांगतात. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण या सल्ल्यात दोन अगदी वेगळी माणसं एकाच दावणीला बांधली जातात. एक म्हणजे पोटासाठी चार वस्तू घेऊन उभा असलेला फेरीवाला, आणि दुसरा तुमच्या भिडस्तपणावर जगणारा ठग. या सरमिसळीमुळे नुकसान दुहेरी होतं. ज्याच्याशी माणसासारखं वागायला हवं त्याच्याकडे आपण तो तिथे नाहीच असं समजून पाहतो. आणि खरा ठग हातून सुटतो, कारण तो सहसा गळ्यात पडत नाही. तो मदतीला येतो, नाहीतर इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरमागे बसलेला असतो.

पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर हे पांढऱ्या घुमटांचं चर्च आहे. त्याच्या पायऱ्यांच्या तळाशी हातात रंगीत दोरे घेतलेले तरुण उभे असतात. त्यांची पद्धत ठरलेली. हसून ‘कुठून आलात?’ असं विचारायचं आणि हस्तांदोलनाला हात पुढे करायचा. तुम्ही हात दिलात की क्षणात तर्जनीत दोऱ्याचा फास पडतो. मग गप्पा मारता मारता तो पेड घालायला लागतो. तुमचं बोट त्याच्यासाठी खुंटी झालेलं असतं, आणि हात मागे ओढलात तर दोरा आवळतो. मिनिटाभरात मनगटावर गाठ बसते, नखांनी सुटणार नाही अशी. इथवर पैशाचा शब्दही निघालेला नसतो. गाठ बसली की आवाज बदलतो, मैत्रीच्या भेटीचे दहा-वीस युरो होतात आणि दोघं-तिघं सोबती कुठून तरी येऊन बाजूला उभे राहतात.

त्याच शहरात, आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोच्या फरसबंदीवर दुसरे तरुण चादर अंथरून बसलेले दिसतात. चादरीच्या कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात. पोलीस दिसले की एका हिसक्यात सगळ्याचं गाठोडं होतं आणि माणूस पळत सुटतो. चादरीवर पितळी रंगाचे छोटे टॉवर, किल्लीच्या साखळ्या, अंधार पडला की लुकलुकणारे दिवे. हेही मागे लागतात. भाव ओरडून सांगतात, तुम्ही पुढे गेलात की दोन पावलं सोबत येतात, भाव उतरवतात, आणि तुम्ही मान हलवलीत की पुढच्या माणसाकडे वळतात.

पर्यटकाच्या डोळ्यांना ही दोन्ही माणसं सारखीच वाटतात: रस्त्यावरचे, गळेपडू, टाळण्याजोगे. मला ती सारखी वाटत नाहीत. वस्तू कोणती, किंमत किती आणि नको म्हणायची मोकळीक आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी व्यवहाराआधी उघड असतील तर समोरचा विक्रेता आहे, मग तो कितीही चिवट असो. यातली एक जरी मुद्दाम झाकलेली असेल तर ती ठगी आहे, मग समोरचा माणूस कितीही गोड बोलो, दुकान कितीही चकचकीत असो. त्रोकादेरोवरचा माणूस या कसोटीला उतरतो आणि पायऱ्यांवरचा उतरत नाही. ही कसोटी जरा पुढे नेली तर आणखी कोण कोण नापास होतं, तिकडे मी येणारच आहे.

आधी फसणाऱ्यांबद्दल. फसलेल्या माणसाला आपण पटकन मूर्ख ठरवतो आणि तो बिचारा झाला प्रकार कुणाला सांगत नाही. प्रत्यक्षात या सगळ्या धंद्याचं भांडवल म्हणजे समोरच्याचा सज्जनपणा. कुणी आपल्याला काही दिलं की परत काहीतरी द्यायला हवं, ही ओढ माणसात खोलवर असते. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विमानतळांवर हरे कृष्ण पंथाचे अनुयायी प्रवाशांच्या हातात फूल ठेवत, ते परत घ्यायला नकार देत आणि मग देणगी मागत. फूल नको असणारी माणसंही पैसे देऊन मोकळी होत. पुढे विमानतळांवरच्या अशा मागणीला बंदी झाली, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९२ साली निकाल लागला. न्यूयॉर्क परिसरातल्या विमानतळांच्या इमारतींत प्रवाशांना गाठून पैसे मागण्यावरची बंदी न्यायालयाने उचलून धरली, पण पत्रकं वाटण्यावरची बंदी टिकू दिली नाही. पत्रक घेणारा चालत चालत घेऊ शकतो किंवा न घेता जाऊ शकतो. पैसे मागणारा वाट अडवतो, थांबायला लावतो. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

फुलाचीच युक्ती आज वेगवेगळ्या रूपांत दिसते. मिलानच्या कॅथीड्रलसमोर तुमच्या तळहातावर कबुतरांसाठी दाणे पडतात आणि कबुतरं हातावर बसली की दाण्यांचे पैसे मागितले जातात. रोममध्ये सोबतच्या बाईच्या हातात गुलाब येतो. हनोईत कावड घेतलेली फळवाली फोटोसाठी तुमच्याच खांद्यावर कावड ठेवते. इस्तंबूलमध्ये पुढे चाललेल्या बूटपॉलिशवाल्याचा ब्रश ‘चुकून’ पडतो. तुम्ही तो उचलून देता. उपकार फेडायचे म्हणून तो तुमचे बूट पुसायला बसतो आणि काम झाल्यावर पैसे मागतो. या शेवटच्या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. बाकीचे निदान काहीतरी देऊन भीड घालतात. इथे तर वाटेत पडलेली वस्तू उचलून देण्याची सवयच गळ म्हणून वापरली जाते.

आणि मग बँकॉक. ग्रँड पॅलेसच्या आसपास नीटनेटका, चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस भेटतो आणि सांगतो की आज राजवाडा बंद आहे, काहीतरी समारंभ आहे, दुपारनंतर या. तोवर वेळ काढायला एक मोठी बुद्धमूर्ती पाहून या, टुकटुक अगदी थोड्या पैशांत फिरवेल. देवळात आणखी एक अनोळखी माणूस सहज बोलता बोलता सांगतो की रत्नांच्या सरकारी विक्रीचा आज शेवटचा दिवस आहे, परदेशात नेऊन विकली तर दुप्पट पैसे येतात. सरकारी विक्री वगैरे काही नसतं. टुकटुकवाल्याला दुकानाकडून गिऱ्हाईक आणल्याबद्दल पैसे किंवा पेट्रोलची कुपनं मिळतात. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि त्या क्षणीही बहुधा उघडाच असतो. या साखळीत कुणी ओरडत नाही, हात धरत नाही, मागे लागत नाही. ‘नजर मिळवू नका’ या सल्ल्याचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण माणूस विक्रेता वाटतच नाही. बीजिंगच्या वांगफुचिंग रस्त्यावरही तसंच. इंग्रजीचा सराव करायचाय म्हणणारे दोन विद्यार्थी भेटतात, गप्पा रंगतात, चहाच्या पारंपरिक घरात बसणं होतं, आणि शेवटी येतं ते भलं मोठं बिल.

या सगळ्यांत एक धागा समान आहे. संभाषण त्यांनी सुरू केलेलं असतं आणि ते तुमचा बेत बदलतात. म्हणून माझा नियम असा, की माझा बेत बदलायला सांगणाऱ्याचं म्हणणं मी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय धरत नाही. राजवाडा बंद आहे म्हणतोस ना, ठीक आहे, आभार मानते आणि फाटकापर्यंत चालत जाते. मदत लागली तर माणूस मी निवडते. गर्दीतून आपण होऊन निवडलेला माणूस, मग तो दुकानदार असो, बसची वाट पाहणारी बाई असो वा शाळेतून परतणारी मुलगी, जवळपास नेहमीच प्रामाणिक निघतो, कारण जगात प्रामाणिक माणसंच जास्त आहेत. जो आपल्याला निवडून पुढे येतो, तो मात्र काहीतरी पाहून आलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं तर परक्या शहरात सगळ्यांवर संशय घेत फिरावं लागत नाही, आणि सगळ्यांवर संशय घेत फिरणं हा प्रवासाचा फार मोठा नाश आहे.

आता नकाराबद्दल. पुष्कळांना नाही म्हणता येत नाही, म्हणून ते कारण देतात. पैसे सुटे नाहीत, आधीच घेतलंय, नंतर येतो. विक्रेत्याच्या कानाला यातलं प्रत्येक कारण म्हणजे पुढचं बोलणं असतं. सुटे तो देतो, आधीच्यापेक्षा स्वस्त तो देतो, आणि ‘नंतर येतो’ हा तर शब्द दिल्यासारखा असतो. माराकेशच्या बाजारात सकाळी ‘नंतर’ म्हणून गेलेल्या माणसाला संध्याकाळी तोच दुकानदार आठवण करून देतो आणि त्याचं चूक नसतं. एकदाच, डोळ्याला डोळा देऊन, त्या ठिकाणच्या भाषेत ‘नको, आभारी आहे’ म्हणावं आणि पुढे जावं. ‘ला शुक्रन’ उत्तर आफ्रिकेत कळतं, ‘नो ग्रात्सिये’ इटलीत. दुसऱ्यांदा बोलू नये. नजर चुकवणाऱ्याचा विक्रेते जास्त पाठलाग करतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. चुकवलेली नजर म्हणजे मन द्विधा आहे, हे त्यांना कळतं. स्पष्ट नकार मिळाला की तोही मोकळा होतो, त्यालाही दिवसभरात शंभर माणसांशी बोलायचं असतं.

घासाघिशीचीही एक रीत आहे आणि ती पर्यटकच जास्त मोडतात. घ्यायचं नसेल तर भाव विचारू नये. आपण सांगितलेल्या भावाला समोरचा हो म्हणाला तर वस्तू घ्यावी, मागे फिरू नये. अर्धा तास दुकानदाराचा वेळ घेऊन, सगळी गालिच्यांची चवड उलगडायला लावून ‘मजा म्हणून विचारत होतो’ म्हणणारा पर्यटक त्या दुकानदाराला ठगाइतकाच त्रास देत असतो. गिझाच्या पिरॅमिडांशी उंटावर बसताना मात्र भाव ठरवण्यात कसूर नको. चढण्याचा एक भाव सांगून, उंट उभा राहिल्यावर, जमीन दोन पुरुष खाली गेल्यावर, उतरवण्याचे वेगळे पैसे मागणं हा तिथला जुना प्रकार आहे. किती वेळ, कुठवर, किती माणसांचे, कोणत्या चलनात आणि उतरवण्यासकट किती, हे आधी बोलून घ्यावं आणि पैसे पाय जमिनीला लागल्यावरच द्यावेत. फुकेत-पटायाच्या किनाऱ्यावर जेट स्की घेणाऱ्याने आधी ती चारी बाजूंनी चित्रित करून ठेवावी, कारण परत केल्यावर जुनाच ओरखडा तुमच्या नावावर लागतो. आणि अनामत म्हणून पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नये.

सरकारं या सगळ्याकडे कशी पाहतात? बहुतेक ठिकाणी ती चोर सोडून संन्याशाला सुळी देतात. फ्रान्समध्ये परवान्याशिवाय रस्त्यावर विक्री करणं हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा आणि ३,७५० युरो दंडाचा गुन्हा आहे. इटलीत तर बनावट माल विकत घेणाऱ्या पर्यटकालाही ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. इजिप्तने २०१८ साली कायदा करून पर्यटकांच्या मागे लागणाऱ्या विक्रेत्यांना १०,००० इजिप्शियन पाउंडांपर्यंत दंड ठेवला. बनावट ब्रँडच्या पिशव्या घेऊ नयेत, हे मला मान्यच आहे. पण त्या चादरीमागे उभा माणूस तिथे का आला, हे विचारल्याशिवाय नुसता दंड वाढवून काय होणार?

स्पेनचं उदाहरण घ्या. तिथे चादरीवर माल विकणाऱ्यांना ‘मान्तेरो’ म्हणतात आणि त्यांच्यातले अनेक सेनेगलमधून आलेले आहेत. कागदपत्रांशिवाय आलेल्या माणसाला तिथे काम करायची परवानगी नाही. कागदपत्रं हवी असतील तर देशात सलग तीन वर्षं राहिल्याचा पुरावा आणि नोकरीचा करार दाखवा, असा नियम अनेक वर्षं होता. मे २०२५ पासून ही मुदत दोन वर्षांवर आली. म्हणजे दोन-तीन वर्षं इथेच राहा, पण कमावू नका, असं राज्यच सांगत होतं. त्या काळात माणसाने खायचं काय? चादर हे त्याचं उत्तर आहे. बार्सिलोनातल्या या विक्रेत्यांनी २०१५ मध्ये स्वतःची संघटना काढली आणि २०१७ मध्ये ‘टॉप मान्ता’ नावाने स्वतःचाच कपड्यांचा ब्रँड सुरू केला, बनावट माल विकायची वेळच येऊ नये म्हणून. मला यात कुठेही ठग दिसत नाही. कायदेशीर रोजगाराची वाट अडवली असताना शोधलेली आडवाट तेवढी दिसते.

गिझामध्ये एप्रिल २०२५ पासून फय्यूम रस्त्याच्या बाजूने नवं प्रवेशद्वार, विजेवरच्या बस आणि उंट-घोडेवाल्यांसाठी वेगळी जागा अशी व्यवस्था सुरू झाली. उंटवाल्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. ठरलेली जागा आणि ठरलेला दरफलक या कल्पनेच्या मी पूर्ण बाजूने आहे, पर्यटकासाठी आणि प्राण्यांसाठीही. पण पर्यटक जिथे उतरतच नाही अशा कोपऱ्यात या लोकांना नेऊन बसवलं तर त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूवर पोट असलेल्या कुटुंबांना विचारल्याशिवाय आखलेली योजना त्यांनी मुकाट्याने पाळावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता त्या कसोटीकडे परत येऊ आणि ती एटीएमला लावू. युरोपच्या कुठल्याही पर्यटनस्थळी, जुन्या चौकाच्या तोंडाशी, रंगीत दिव्यांचं एटीएम दिसेल. तुम्ही परदेशी कार्ड घालता, रक्कम दाबता, आणि नोटा यायच्या आधी एक पाटी येते: ही रक्कम तुमच्या देशाच्या चलनात मोजू का? ‘स्वीकारा’ हे बटण मोठं आणि हिरवं. ‘नाकारा’ हे बारीक, कधी लाल, आणि ते दाबलं तर व्यवहारच रद्द होईल की काय अशी धास्ती घालणारी वाक्यरचना. प्रत्यक्षात नाकारलं तरी नोटा येतात, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो. स्वीकारलं तर दर त्या यंत्राच्या मालकाचा लागतो. समजा तो दर १० टक्क्यांनी महाग असेल, तर ३०० युरो काढताना ३० युरो जातात. त्या ३० युरोंत त्रोकादेरोवरून सगळ्या नातेवाइकांसाठी पिशवीभर टॉवर येतील. दुकानातल्या आणि हॉटेलातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो आणि कित्येकदा काउंटरवरचा माणूस आपल्याला न विचारता बटण दाबून मोकळा होतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन असं भारदस्त नाव आहे. युरोपीय संघाने एप्रिल २०२० पासून संघातल्या चलनांबाबत हा वाढीव आकार टक्क्यांत दाखवणं सक्तीचं केलं. बाहेरून आलेल्या पाहुण्याने मात्र स्वतः पाटी वाचून, जिथे आहोत तिथल्याच चलनात पैसे द्यायचे, यावर ठाम राहायला हवं. किंमत झाकली, नकाराचं बटण लपवलं: पायऱ्यांवरच्या दोऱ्यात आणि या पाटीत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. फरक एवढाच की दोरेवाल्याच्या मागे पोलीस धावतात.

सहल कंपन्यांचं काय? गटाने फिरणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. वेळापत्रकात म्युझियमला पाऊण तास आणि ‘स्थानिक कलाकुसर’ या गोंडस नावाखाली दुकानात दीड तास. कैरोत पपायरसचं आणि अत्तराचं दुकान, तुर्कस्तानात गालिच्यांचं, बँकॉकमध्ये रत्नांचं. दार बंद, बस बाहेर, गाइड शांत. त्याला खरेदीवर कमिशन असतं आणि बऱ्याचदा पगार इतका तुटपुंजा की कमिशनवरच त्याचं घर चालतं. म्हणजे तोही साखळीतला एक दुवा. सहलीची किंमत खर्चापेक्षाही कमी ठेवायची आणि तोटा दुकानांकडून वसूल करायचा, या प्रकाराला चीनने ऑक्टोबर २०१३ मध्ये लागू झालेल्या पर्यटन कायद्यात बंदी घातली. थायलंडने २०१६ मध्ये अशा ‘शून्य डॉलर’ सहलींवर मोठी कारवाई केली. चादरवाल्याच्या मागे धावण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण आहे, कारण इथे समोर मोठे हितसंबंध असतात. म्हणूनच ज्यांनी ते केलं त्यांची नोंद घ्यायला हवी.

जिथे ठगी खरोखर कमी झाली, तिथे केलेले उपाय तसे नीरस आहेत. प्रागमध्ये पैसे बदलणाऱ्या दुकानांनी वर्षानुवर्षं पर्यटकांना हातोहात गंडवलं. बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरात आकर्षक दर, आणि तो फक्त मोठ्या रकमेला किंवा उलट दिशेच्या व्यवहाराला लागू. सामान्य माणसाला मिळणारा दर बारीक अक्षरांत. पावती हातात आली की ‘आता काही करता येत नाही’. यानेक रुबेश या पत्रकाराने असे व्यवहार कॅमेऱ्यात टिपून लोकांपुढे ठेवले, ओरड वाढली, आणि १ एप्रिल २०१९ पासून चेक प्रजासत्ताकात नवा नियम आला. १,००० युरोंपर्यंतची चलनाची अदलाबदल ग्राहक तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत घेऊ शकतो, आणि दुकानाने प्रत्येक चलनासाठी सगळ्यांना एकच दर द्यायचा. कुणाला तुरुंगात टाकलं नाही, रस्ते रिकामे केले नाहीत. फसवणुकीतला नफा तेवढा काढून घेतला.

टॅक्सीचंही तसंच. पॅरिसने मार्च २०१६ पासून शार्ल द गॉल विमानतळ ते शहर असं ठरावीक भाडं लावलं, सुरुवातीला सीन नदीच्या उजव्या काठाला ५० आणि डाव्या काठाला ५५ युरो. पुढे रक्कम वाढली, पण पद्धत टिकली. न्यूयॉर्कमध्ये केनेडी विमानतळ ते मॅनहॅटन ७० डॉलर ठरलेले आहेत, टोल, अधिभार आणि टिप वेगळे. व्हेनिसमध्ये दिवसा गोंडोलाची अर्ध्या तासाची फेरी नोव्हेंबर २०२३ पासून ९० युरोंना आहे, नगरपालिकेनेच ठरवलेली. महाग आहे, पण बसण्याआधी कळतं. ही माहिती असलेल्या माणसाला विमानतळाच्या दाराशी ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणारा काहीही करू शकत नाही. म्हणून एखाद्या शहराने आपण पर्यटकांना सांभाळतो असं म्हटलं, तर मी त्याला किती फेरीवाले हटवले हे विचारणार नाही. विमानतळावर उतरल्या उतरल्या भाड्याचा फलक दिसतो का, तक्रारीचा क्रमांक इतर भाषांत लावलाय का, आणि तो उचलला जातो का, हे विचारेन. थायलंडचे पर्यटन पोलीस ११५५ या क्रमांकावर असतात. प्रत्येक देशाने निदान एवढं तरी करावं.

एका बाबतीत मात्र नियम, कसोटी सगळं अपुरं पडतं. कंबोडियात अंगकोरच्या देवळांबाहेर लहान मुलं पोस्टकार्डं आणि बांगड्या विकायची. दहा भाषांत आकडे म्हणून दाखवणारी, हसरी, अनवाणी मुलं. वस्तू उघड, किंमत उघड, नकाराची मोकळीक. माझ्या कसोटीने ती विक्रेतीच. तरीही त्यांच्याकडून काही घेऊ नये, या निष्कर्षाला मी आलेय आणि तो निष्कर्ष मनाला लागतो. ते पोरगं जितकं जास्त कमावेल तितकं ते शाळेपासून लांब राहील, कारण घरच्यांसाठी ते कमावता हात ठरतं. ‘चाइल्डसेफ’ ही चळवळ तिथे पर्यटकांना हेच सांगत आली आहे, की मुलांकडून वस्तू घेऊ नका, मोठ्यांच्या हाताला काम मिळेल अशा ठिकाणी खर्च करा. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात रात्री तान्हं बाळ कडेवर घेतलेली बाई पैसे मागत नाही, दुधाची पावडर मागते, आणि आपण दुकानातून घेऊन दिलेला डबा थोड्या वेळाने त्याच दुकानात परत जातो. ती बाई गरीब नाही असं मी म्हणत नाही. पण त्या बाळाला रात्री रस्त्यावर आणण्याची किंमत आपल्या दयेनेच चुकती होत असते. आणि दया दाखवून आपण समाधानाने झोपतो, हे मला जास्त खुपतं.

काही जण म्हणतात, एवढा विचार कशाला? आपण सुट्टीवर आलोय, ती माणसं गरीब आहेत, गेले दहा युरो तर जाऊ देत. हा युक्तिवाद उदार वाटतो, पण ठगाला दिलेले दहा युरो गरिबाला मिळत नाहीत. ते बहुतेकदा टोळीला मिळतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर वाटीखालची गोळी ओळखण्याचा खेळ चालतो, तिथे जिंकणारे, टाळ्या वाजवणारे, पोलीस आल्याचं सांगणारे सगळे एकाच टोळीचे असतात. आणि दहा युरो गेलेला पर्यटक पुढच्या चौकात खऱ्या विक्रेत्याला झिडकारतो, खऱ्या पाहुणचारालाही संशयाने नाकारतो. इस्तंबूलमध्ये दुकानदार चहा विचारतो तो नव्वद टक्के रिवाज म्हणून विचारतो. ठगांमुळे तो पेला आपण घाबरून परत करतो, हे नुकसान पैशात मोजता येत नाही.

तक्रार न करण्याची सवयही याला खतपाणी घालते. रक्कम लहान, वेळ थोडा, भाषा परकी, म्हणून कुणी पोलिसात जात नाही, आणि नोंद नाही म्हणजे शहराच्या लेखी घटनाच नाही. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसचं लूव्र म्युझियम एक दिवस बंद राहिलं, कारण पाकीटमारांच्या टोळ्यांना आणि त्यांच्या दमदाटीला कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं होतं. त्यानंतर पोलीस वाढवले गेले. पर्यटकांना संप करता येत नाही, पण लेखी तक्रार करता येते, आणि कार्डाचा व्यवहार असेल तर बँकेकडे आक्षेपही नोंदवता येतो. पावतीवर चुकीचं चलन दिसलं तर सही करू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. काउंटरवरचा माणूस कुरकुर करेल, मागे रांग खोळंबेल, सोबतचे लोक ‘सोड ना आता’ म्हणतील. तरीही सांगा.

आणि गटाच्या सहलीला जाणार असाल तर पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: वेळापत्रकात किती दुकानं आहेत, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, आणि तिथे न उतरता बाहेर फिरायची मुभा आहे का? गाइडला तुम्ही पगार देता की तो कमिशनवर आहे? उत्तर टाळणारी कंपनी टाळा, आणि उत्तर देणारी थोडी महाग असली तरी तिच्याबरोबर जा. ते जास्तीचे पैसे गाइडच्या पगारात जात असतील तर त्याला तुम्हाला गालिच्याच्या दुकानात कोंडायची गरज उरत नाही, आणि म्युझियममध्ये दीड तास मिळतो.